मागच्या दाराची पाचर

डेपोत माझ्या मामाला सगळे पाचरमामा म्हणत. तो बसच्या बॉडीखात्यात होता. फाटलेली सीट, हलणारा दांडा, अडकलेली खिडकी, जे काही मोडेल ते त्याच्यापुढे येई. पण त्याचं खरं हाडवैर होतं आवाजाशी. चालत्या बसमध्ये डोळे मिटून बसायचा आणि कुठला स्क्रू ढिला झालाय ते बोट दाखवून सांगायचा. आमच्याकडे जेवायला आला तरी आधी डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवायचा आणि मग हात धुवायचा. "पोटात भूक गुरगुरली तरी हा आधी आवाज कुठून येतो ते बघेल," असं आई म्हणायची.

बसचा सगळ्यात मोठा आवाज मागच्या दाराचा. हे दार संकटात बाहेर पडण्यासाठी असतं. संकट रोज येत नाही, खड्डे मात्र रोज येतात. त्या दाराच्या कडेची रबराची पट्टी झिजली की दार चौकटीत नाचायला लागतं, आणि मागच्या रांगेतल्या माणसाचं डोकं उठतं. नवीन पट्ट्या मागवल्या की स्टोअरमधून एकच उत्तर, अजून आल्या नाहीत. मग मामानं स्वतःच उपाय काढला. लाकडाची बारीक पाचर, तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, कडीजवळच्या फटीत दोन ठोके मारून बसवायची. दार गप्प. प्रवासी खूश, ड्रायव्हर खूश. हळूहळू ड्रायव्हर स्वतःच गाडी त्याच्यापुढे आणून लावायला लागले, "मामा, तेवढं आमचंही बघा." पाचर असली की कडी फिरते पण दार उघडत नाही, हे काय कुणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं. पण रोजच्या कटकटीपुढे ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

माझे बाबा त्याच डेपोत ड्रायव्हर. एका दुपारी त्यांच्या भरलेल्या बसमध्ये इंजिनाजवळून धूर यायला लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली, पण पुढचं दार धुरातच होतं, म्हणून लोक मागे पळाले. कुणीतरी मागची कडी फिरवली. ती फिरली, दार हललं नाही. मागून लोटालोट, पुढून धूर. शेवटच्या सीटवरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घाबरून काचेवर मूठ मारली. बाबा बाहेरून जॅकचा दांडा घेऊन धावले आणि त्यांनी बाकीच्या काचा फोडल्या. सगळे बाहेर आले. नंतर कळलं की नुसती वायर जळली होती, आग लागलीच नव्हती. पण त्या बाईंच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या.

बस ओढून आणली ती थेट मामाच्याच खात्यात. चौकशीवाले यायच्या आत पाचर मामाच्या खिशात गेली होती. चौकशीवाल्यांनी दार गंजलं असणार असं ठरवलं. मागचं दार रोज सकाळी उघडून बघायची जबाबदारी ड्रायव्हरची, तेव्हा बाबांना घरी बसवलं.

बाबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पाचरीचं त्यांनी चौकशीत अवाक्षर काढलं नाही, घरी मात्र आईला सांगितलं, आणि आईकडून मला कळलं. मला बाबांचा केवढा अभिमान वाटला. बायकोचा भाऊ वाचावा म्हणून हा माणूस स्वतःची नोकरी पणाला लावतोय. मामाचा तर इतका राग आला की तो आला की मी उठून आतल्या खोलीत जायची. आईची मात्र इकडे आड, तिकडे विहीर. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ. ती दोघांनाही सारखंच वाढायची आणि दोघांशीही बोलायची नाही.

मामा मात्र गप्प बसला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत उभ्या असलेल्या गाड्यांतून तो एकेक पाचर उपटत होता. त्या पाचरींसकट लोक रोज प्रवास करताहेत या विचारानं त्याला घास गिळवत नव्हता. पाचरी निघाल्या आणि डेपोच्या सगळ्या गाड्या पुन्हा खडखडायला लागल्या. तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी डेपोच्या साहेबांनी मामाला बोलावलं आणि चार ड्रायव्हरांसमोर सांगितलं की पूर्वी आवाज बंद होता, तुम्ही काय करत होता ते पुन्हा करा.

"ते करणार नाही, साहेब," मामा म्हणाला. "मी पाचर ठोकत होतो. त्या दिवशी दार उघडलं नाही ते त्यामुळेच. ड्रायव्हरचा दोष नाही."

चारही ड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनी विचारलं, "त्या गाडीला पाचर ठोकायला कुणी सांगितलं होतं?"

मामा दाजींना वाचवायला गेला होता. एवढा साधा प्रश्न येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खोटं बोलायचं तर तोंडातून शब्द फुटेना, आणि त्याचं ते गप्प राहणंच साहेबांना पुरलं. गाडी बाबांची, ती त्याच्यापुढे आणून लावली बाबांनी, पाचर मागून घेतली बाबांनीच. तोवर बाबांवर दार न बघितल्याचा ठपका होता. आता ते बंद आहे हे माहीत असून माणसं भरल्याचा आला. दोघांचीही नोकरी गेली.

त्या संध्याकाळी मामानं आमच्या दारात उभं राहून हे सगळं सांगितलं. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते मामाला वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रडू आलं.

आई मामाला म्हणाली, "खरं बोललास, चांगलं केलंस. पण आता काही दिवस इकडे येऊ नकोस."

तो आला नाही. घर सुन्न झालं. बाबा दिवसभर खिडकीशी बसायचे. एका सकाळी ते भिंतीकडे बघत आईला म्हणाले, "बोलाव त्याला. शिव्या घालायला तरी माणूस समोर हवा."

"शिव्या घालायचा पहिला मान तुमचा नाही," आई म्हणाली. "त्या बाईंचा आहे. आधी दोघं त्यांच्याकडे जाऊन या."

वाटेत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलणार नाहीत हे आईला माहीत होतं, म्हणून तिनं मला बरोबर धाडलं. बाई एका खोलीत राहत होत्या. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती आणि चादरीवर औषधाच्या बाटल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. कोण आपण, असं त्यांनी विचारलं.

मामा म्हणाला, "त्या बसचं मागचं दार मी बंद केलं होतं."

"मी करायला लावलं होतं," बाबा म्हणाले.

बाई ओरडतील, दार लावून घेतील असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही.

"तुमच्या त्या गाडीला मागे आवाज येत नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी रोज मुद्दाम मागेच बसायचे. तेवढीच डुलकी मिळायची."

मामा तिथेच उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसला. बाबांनी त्याला उठवायला हात दिला नाही. तेही त्याच्या शेजारी बसले.