नाचाच्या बुटांना पाजलेलं तेल

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मी राजारामपुरीतल्या साल्साच्या क्लासला जायला लागले आणि सासऱ्यांना, म्हणजे मामांना, सांगितलं, योगाला जाते. घरात आम्ही दोघंच. ज्याचा मुलगा गेलाय त्याला 'मी नाचायला जाते' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

सरावाचे बूट घेताना क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, टाच बुटकी घ्या, माप जरा घट्टच घ्या, चामडं नंतर सैल पडतं. तळाला रबर नाही, खरखरीत चामडंच. पाय घसरूही नये आणि गिरकीत अडकूही नये म्हणून. रस्त्यावर घालायचे नाहीत, भिजवायचे नाहीत, तारेच्या ब्रशानं घासून ती खरखर जपायची. घासून झाले की मी ते पिशवीत घालून कपाटामागं दडवायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

परवा क्लासमध्ये पहिल्याच गिरकीला सर्रकन घसरले. जोडीदारानं धरलं म्हणून वाचले. बूट उलटा करून बघते तर तळ तेलानं माखलेला! आमच्याकडं नवी चप्पल तेल पाजल्याशिवाय कुणी पायात घालत नाही, हे खरं. पण ह्याला?

घरी आले ती तणतणतच. "मामा, बुटांना हात लावलात तुम्ही?"

"व्हय की. झाडताना घावले. तळ पार कोरडा पडलाता. तेल पाजलं चांगलं, वर-खाली."

"वाट लावली की त्यांची! नाचायचे बूट आहेत ते, नाचायचे!"

बोलून गेले आणि जीभ चावली. अगं बाई, आता काय! मामा चष्मा पुसत होते.

"मग? योगाला बूट घालून कोण जातंय? नाचताना चावू नयेत म्हणून तर पाजलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला मी इतके दिवस फसवलं, त्यानं माझे बूट मांडीवर घेऊन तेल चोळलं, आणि मी त्याच्यावरच ओरडले. स्वतःची लाज वाटली. बेसन तेल ओढून घेईल म्हणून डबा आणला आणि तळावर चोळायला बसले. मामांनी दुसरा बूट ओढला.

"एक इचारू, पोरी?" ते म्हणाले. "जिन्यात गुणगुणत येतीस. दारात आलीस की तोंड पाडतीस. ते माझ्यासाठी व्हय?"

मी आणखी चिमूटभर बेसन तळावर टाकलं.

"नको पाडू. पोरगं गेल्यापास्नं ह्या घरात कोण गुणगुणलेलं न्हाय."