वस्ताद खाली बसले

पारनेरच्या बाजारात शमशेर वस्तादांचं नाव निघालं की जुनी माणसं अजून कानाला हात लावतात. तरुणपणी त्यांनी आखाड्यात भल्याभल्यांना अस्मान दाखवलं. आता सत्तरीत त्यांना अस्मान दाखवतात ते त्यांचेच गुडघे.

तर झालं असं, की अंगणवाडीतल्या पोरांना योगासनं शिकवा, असं वरून फर्मान आलं. सेविका मोनिकाताईंना खिचडी, वजनं आणि लसीकरणातून मान वर करायला सवड नव्हती. त्यांनी सरळ वस्तादांना गळ घातली. वस्तादांनी मिशीला पीळ भरून 'व्हय' म्हणून टाकलं. घरी बायकोची परवानगी काढताना मात्र ती मिशी जरा खाली आली.

"शिकवा की," इमामबी म्हणाल्या, "पर उभ्यानं. भुईवर बसायचं न्हाई, डॉक्टरनी बजावलंय. बसलात तर त्याच दिशी आंगनवाडी बंद. मग खाटंवर पडून ऱ्हायचं."

दिवसभर खाटेवर पडून छपराचा पत्रा बघायचा, हे वस्तादांच्या अगदी जिवावर यायचं. त्यांनी कबूल केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी उभ्यानंच हुकूम सोडला, "मांडी घाला!" पोरांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद कमरेवर हात ठेवून उभे. झालं, सगळी पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दोघांनी तर नसलेल्या मिशीला पीळही दिला. चार वर्षांचं पोर सांगितलेलं करत नाही, बघितलेलं करतं. शेवटी वस्तादांनी दाराकडे चोरून पाहिलं आणि बसले. मग काय, पोरं पटापट बसली. फुलपाखरू झालं, मांजर झालं, साप झाला. सगळं झकास जमलं, फक्त वस्तादांना उठता येईना.

सृष्टी नावाची एक ठेंगणी पोर, वर्गाची मुकादमच ती, जवळ येऊन न्याहाळत राहिली. "रुतले," तिने जाहीर केलं. तिच्या बापाचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात चिखलात रुतायचा, त्यामुळे हे काम तिच्या माहितीतलं होतं. तिने दोघांना हातांशी लावलं, बाकीच्यांना पाठीशी. "हेऽऽ हुप्प!" वस्ताद वर आले. त्यांनी खिशातले शेंगदाणे वाटले आणि इमामबी आजीला सांगायचं नाही, अशी सगळ्यांना शपथ घातली.

दुसऱ्या दिवशी सृष्टीने आधी वस्तादांचा खिसा चाचपला आणि मगच हात लावला. पुढे पोरांना बाकीच्या आसनांत रसच उरला नाही. कधी एकदा वस्ताद रुततात, याच्याकडेच त्यांचे डोळे. हळूहळू पोरांचे दंड टणक झाले, भूक वाढली. "योगानं किती फरक पडला बघा!" मोनिकाताई कौतुकाने म्हणायच्या. वस्ताद खाकरून दुसरीकडे बघायचे.

योग दिनाला सगळा गाव शाळेच्या पटांगणात जमला. डोक्यावर पदर घेऊन इमामबी अगदी पुढे बसलेल्या. आज काही झालं तरी बसायचं नाही, असं ठरवून वस्ताद म्हणाले, "मांडी घाला!"

सगळी पोरं कमरेवर हात ठेवून उभी. गाव खो खो हसला. पाहुण्या साहेबांसमोर मोनिकाताईंचा चेहरा पडला.

"तुमी बसा की आधी!" सृष्टी ओरडली. "रोज बसता तसं!"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. वस्ताद बसले. आसनं झाली, टाळ्या झाल्या. शवासन मात्र त्यांनी भलतंच लांबवलं, इमामबी कंटाळून घरी जातील या आशेवर. पण इमामबी हलल्या नाहीत. पोरंच कंटाळली आणि "उठवायचं, उठवायचं!" करत धावून आली. गावाला वाटलं, हाही कार्यक्रमच. शिट्ट्या सुरू झाल्या. त्या जोशात उजव्या पायाला हिसका बसला आणि वस्ताद कळवळले.

इमामबी उठल्या. संपली अंगणवाडी, वस्तादांनी मनाशी म्हटलं, आणि त्यांना खरंच रडू आलं.

इमामबींनी सृष्टीचा हात धरून तिला पलीकडे नेलं. "अगं, उजवा गुडघा दुखतो त्यांचा. डावीकडनं धर. हां, आता लाव जोर."

घरी जाताना वस्तादांनी हळूच विचारलं, "तुला कवापासनं ठाव हुतं?"

"पैल्या दिवसापासनं. पायजम्याचं बूड रोज मातीनं भरलेलं. धुनं कोन धुतंय?"

"मग बंद का न्हाई केलंस?"

"खाटंवर पडून तुमी दिसभर माझं डोस्कं खात हुता. त्यापरीस पायजमा धुनं परवडतं."

दुसऱ्या दिवशी वस्तादांच्या खिशात शेंगदाणे इमामबींनीच भरले. वर गुळाचा एक मोठा खडा ठेवला, सृष्टीसाठी.