अण्णांना दिलेला एक नंबर

आमच्या घराचं इंटरनेट माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या वडिलांनी बंद पाडलं, असं घरात सगळे म्हणतात. ते खरं आहे. फक्त त्यांच्याकडून ते करवून घेणारा मी होतो.

मी भिवंडीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. गेल्या वर्षी शाळेत संगणकांची खोली झाली. तिची जबाबदारी कुणावर टाकायची याची चर्चा चालू असताना मी नेमका पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळे माझं अभिनंदन करत होते.

मग मला ठाण्याला चार शनिवारांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा नंबर. पहिले तीन शनिवार मी नुसती वही भरली. चौथ्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईंना माझी दया आली. "सर, तुम्ही भिवंडीचे ना? मग काल्हेरची गोदामं डोळ्यांसमोर आणा. कंपाउंडचं नाव सगळ्यांचं एकच, गाळा नंबर प्रत्येकाचा वेगळा. १९२.१६८.१ हे झालं कंपाउंड आणि शेवटचा आकडा म्हणजे गाळा. कंपाउंडचं नाव कुठे संपतं आणि गाळा नंबर कुठे सुरू होतो, हे सांगतो तो सबनेट मास्क. एकच नंबर दोघांना दिलात तर माल कुणाकडे उतरवायचा?"

मला एकदम सगळं कळलं. बाई पुढे कंपाउंडच्या गेटबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण ते मी ऐकलं नाही. कळल्याच्या आनंदात होतो.

आमच्या घरात खाली आम्ही दोघं नवरा-बायको आणि माझे वडील, अण्णा, राहतो, वर दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी गौरी. राउटर दोन्ही मजल्यांना एकच. गौरीने नेटवर्किंगचा डिप्लोमा केलाय. आठ ठिकाणी अर्ज केल्यावर काल्हेरच्या एका गोदाम कंपनीतून तिला पहिलं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन, सोमवारी सकाळी अकराला. ऐन मुलाखतीत दोन यंत्रांना एकच पत्ता मिळाला आणि पोरीचं नेट गेलं तर? घरात प्रशिक्षण घेतलेला माणूस असताना असं होऊ देणं मला बरं वाटेना. म्हणून मी रजा टाकली आणि सकाळी आठलाच कामाला लागलो.

माझा मूळ बेत मोठा होता. मी बायकोला म्हटलं, "शुभांगी, मास्क २५५.२५५.२५५.१२८ केला की कंपाउंडचे सरळ दोन भाग होतात. एका भागात आपण खालचे, दुसऱ्या भागात दादा आणि मंडळी."

तिने कणीक मळणं थांबवलं. "वाटण्या करताय?"

"अगं, इंटरनेटच्या."

"वहिनींना विचारलंत? आईंच्या मागे इतकी वर्षं घर एक ठेवलं आम्ही दोघींनी."

मास्क मी होता तसाच २५५.२५५.२५५.० ठेवला.

आता नंबर. घरातल्या माणसांना नंबर द्यायचे तर ते मानानेच द्यायला हवेत. मी वहीत लिहिलं: अण्णा एक, दादा दोन, वहिनी तीन, मी चार, गौरी पाच, शुभांगी सहा. (शुभांगीने वही पाहून "बरोबर, मीच शेवटी" एवढंच म्हटलं.) अण्णांच्या टॅबलेटमध्ये मी सगळ्यात आधी १९२.१६८.१.१ घातलं. पडद्यावर काहीतरी इशारा आला, पण तो इंग्रजीत होता. मी टॅबलेट बंद करून अण्णांच्या उशाशी ठेवला. मग बाकीच्यांच्या फोनमध्ये नंबर घातले. सगळे व्यवस्थित चालले. गौरीकडे गेलो तर ती म्हणाली, "काका, प्लीज, आज माझ्या लॅपटॉपला हात लावू नका." मी मोठ्या मनाने तिला सोडून दिलं.

अकराला मुलाखत सुरू झाली. वहिनी वरच्या जिन्यात देवाचं नाव घेत बसल्या. सव्वाअकराला अण्णा पूजा आटोपून आले आणि रोजच्यासारखं कीर्तन ऐकायला त्यांनी टॅबलेट चालू केला.

वरून गौरीचा आवाज आला, "नेट गेलं."

मी धावत जाऊन राउटर बंद करून चालू केला. अर्धं मिनिट चाललं आणि पुन्हा गेलं. दादा म्हणाला, "गच्चीवर उंदराने वायर कुरतडली असणार." आम्ही दोघं गच्चीवर. वायर धडधाकट. मी इंटरनेटवाल्याला फोन लावला.

"सर, आपके घर तक लाइन एकदम सही आ रही है. घर के अंदर किसी ने कुछ किया है क्या?"

"घर के अंदर कौन क्या करेगा?" मी दुखावून म्हटलं. "सुबह मैंने खुद सब चेक किया है."

खाली आलो तर अण्णा टॅबलेट हातात घेऊन दारातच. अण्णा मूळचे अंबाडीकडचे, वैतागले की गावची बोली बाहेर येते. "कीर्तन लागत न्हाय रं."

"अण्णा, बंद करून परत चालू करा. मी करतोय ना."

त्यांनी बंद केला. वरून गौरी ओरडली, "आलं, आलं!" त्यांनी चालू केला. "गेलं." असं आम्ही चार वेळा केलं. मला वाटलं, माझ्या राउटरच्या उपचारांना हळूहळू गुण येतोय.

शेवटी गौरी लॅपटॉप आणि फोन घेऊन खाली आली. फोन स्पीकरवर होता. साध्या कॉलवर मुलाखत घेणारे साहेब शांतपणे म्हणत होते, "मॅडम, घाई नाही. उद्या गोदामात असंच झालं तर तुम्हीच बघणार ना? बघा आणि मला सांगत जा."

ती स्टुलावर बसली. लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "सर, राउटरच्या पत्त्यावर राउटर सोडून दुसरंच मशीन उत्तर देतंय. कुणीतरी १९२.१६८.१.१ घेतलाय." मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, एक नंबर कुणाला दिलात?"

"मानाने... अण्णांना."

"एक नंबर राउटरचा असतो, काका. ते कंपाउंडचं गेट आहे. घरातलं सगळं त्याच्यातून बाहेर जातं. आता ते सगळं अण्णांच्या टॅबलेटकडे जातंय."

अण्णांनी टॅबलेट उलटा करून मागून पाहिला आणि म्हणाले, "माझ्याकडं काय बी आलेलं न्हाय."

तिने टॅबलेटमधला माझा नंबर काढून टाकला. दोन मिनिटांत कीर्तन लागलं, गौरी वर गेली आणि मुलाखतही पुन्हा सुरू झाली. मी जिन्यात वहिनींच्या शेजारी जाऊन बसलो. त्या थोड्या सरकल्या. आठ अर्ज, एक बोलावणं, आणि तेही मी घालवलं असतं.

वरून साहेबांचा प्रश्न ऐकू आला. "तर मॅडम, या प्रकरणात हल्ला बाहेरून झाला की आतून?"

"आतून, सर," गौरी म्हणाली. "पण हेतू वाईट नव्हता. काका आहेत."

साहेब इतके हसले की खाली शुभांगीलाही ऐकू गेलं. गुरुवारी गौरीला नोकरीचं पत्र आलं. वहिनींनी पहिला पेढा अण्णांना दिला आणि दुसरा मला. नंतर कळलं, कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी नवीन मंडळींना माझी गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली. नाव घेतलं नाही, फक्त "एक शिक्षक" म्हणाले. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

त्या आठवड्यात गौरीने राउटरचे पासवर्ड बदलले. घरात सगळ्यांना ते माहीत आहेत, अण्णांनाही. मला वायफाय जोडायचं असलं की मी माझा फोन अण्णांकडे देतो. ते माझ्याकडे पाठ करतात, चष्मा वर सारून एकेक अक्षर टाइप करतात आणि फोन परत देताना विचारतात, "पायलं न्हाय ना?"