दगडावरचे आकडे

धुकं पडलं की आजही मी घाबरते. लोक हसतात. मालवणात जन्म काढून धुक्याला काय घाबरायचं, नऊ वाजता ते आपोआप वितळतं, म्हणतात. वितळतं खरं. पण नऊ वाजेपर्यंतचा वेळ कसा असतो, ते मला माहीत आहे.

दोन हजार नऊच्या सुमाराची गोष्ट. कुडाळच्या एका मोजणीच्या ऑफिसात मी नोकरीला होते आणि मासळीच्या धक्क्यासाठी आमच्याच किनाऱ्याची मोजणी निघाली होती. साध्या जीपीएसला पाच-सात मीटर इकडेतिकडे चालतं. आम्हाला वीतभरही चालणार नव्हतं. म्हणून टेकडीवरच्या मोजणीच्या जुन्या दगडावर एक यंत्र बसवलं. त्याला त्याची खरी जागा आधी सांगून ठेवायची. मग उपग्रह सांगतात ती जागा आणि खरी जागा यांतला फरक ते इंटरनेटवरून पाठवत राहतं, आणि होडीतलं दुसरं यंत्र तो फरक घेऊन स्वतःला सुधारतं.

हे सगळं जुळवणारं सॉफ्टवेअर सुरू करायला मला चार दिवस लागले. रेंज आली की पासवर्ड चुकायचा, पासवर्ड जुळला की रेंज जायची. चौथ्या दिवशी लॅपटॉपच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला आणि मी हवेतच गेले. घरी येऊन बाबांना म्हटलं, आता समुद्रातली सुईसुद्धा शोधून देईन.

बाबा मासेमारी करायचे. आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधून आत यायची एकच फट. तिला सगळे दार म्हणतात. देवळाचा कळस एका उंच माडाच्या बरोबर मागे आला की होडी दारात असते. धुक्यात कळस दिसत नाही, माडही नाही. तेव्हा होड्या बाहेरच नांगर टाकून थांबायच्या. हातातलं छोटं जीपीएस बाबांकडे होतं, दाराची जागा त्यांनी त्यात साठवलीही होती, पण त्याच्या भरवशावर धुक्यात ते कधी आत शिरले नव्हते.

मोजणीला मी त्यांचीच होडी घेतली. कळस आणि माड जुळवून त्यांनी होडी दारात आणली आणि मी तिथला आकडा घेतला. तो त्यांच्या आकड्याशी जुळेना. फरक थोडाथोडका नव्हता. मी म्हटलं, "बाबानू, तुमचा मशीन स्वस्तातला. ह्यो आकडो खरो." त्यांचा आकडा पुसून मी माझा घातला. वर सांगितलं, आता धुक्यात थांबायची गरज नाही. बाबा एवढंच म्हणाले, "तू सांगलंस म्हणजे झाला."

पंधरा दिवसांनी सकाळी अंगणात बसून मी होडीतलं यंत्र तपासत होते. दाट धुकं होतं, समोरची विहीर दिसत नव्हती. इंटरनेट तुटलं आणि पडद्यावरची आमची जागा उडून पार रस्त्यापलीकडे गेली. समुद्रातही ती अशीच उडायची. तेव्हा मी म्हणायचे, सुधारणा बंद पडली की असं होणारच. पण सुधारणा असते पाच-सात मीटरांची. रस्त्यापलीकडे जाण्याइतकी नसते.

मग मला दगड आठवला. त्याच्यावर कोरलेले आकडे मी जसेच्या तसे सॉफ्टवेअरमध्ये भरले होते. सरकारी दगड, त्यावर शंका कोण घेणार. ते आकडे जुन्या मोजणीचे होते. जुन्या मोजणीने पृथ्वीचा आकार एक धरला, उपग्रह दुसरा धरतात, त्यामुळे एकाच दगडाचे दोन पत्ते होतात. हे मला शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. दोन पत्त्यांमधला तो फरकच टेकडीवरचं यंत्र सुधारणा म्हणून होडीतल्या यंत्राला पाठवत होतं. म्हणजे बाबांचा आकडा बरोबर होता आणि माझा त्यांना सरळ खडकावर नेणार होता.

बाबा पहाटेच गेले होते. फोन लावला, तो घरातच, फळीवर वाजला.

मी धावत सुटले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. किनाऱ्यावर आई पत्र्याचा डबा वाजवत उभी होती. आमच्याकडे धुक्यात बायका असा डबा वाजवतात. एकेक ठोका म्हणजे किनारा इथे आहे. न थांबता वाजवला तर आत येऊ नका. आई एकेक ठोका देत होती आणि धुक्यातून इंजिनचा आवाज जवळ येत होता. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

मी तिच्या हातातून डबा आणि काठी ओढून घेतली आणि न थांबता बडवायला लागले. "काय झाला गो?" आई विचारत होती. काठी मोडली तशी मी दगड घेतला. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. हा माणूस मी मारला, एवढंच डोक्यात होतं.

इंजिन बंद झालं. का बंद झालं, ते कळायला मार्ग नव्हता. थांबले म्हणून, की आपटले म्हणून? आई खाली वाळूत बसली. मी बडवतच राहिले.

ऊन वर आलं तेव्हा होडी दिसली. नांगरावर उभी होती. तिच्या नाकासमोर, तीन-चार होड्यांच्या अंतरावर, खडकावर पाणी फुटत होतं.

बाबा कळस आणि माड जुळवून दारातून आत आले. माझ्या सोललेल्या हातांकडे त्यांनी बघितलं.

"आकडो चुकलो?"

"होय."

"डबो ऐकलंय म्हणान थांबलंय. नायतर सरळ येयत होतंय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून मशीन काढलं, लुंगीला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आता खरो घाल," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला.