राहिलेला नमस्कार

मी रागावले की मला बोलता येत नाही. म्हणून हे लिहून काढते आहे.

गेल्या रविवारी दुपारी इथे टेक्सासमध्ये, प्लेनो शहरातल्या एका मोठ्या घरी डॉक्टरांची प्रचारसभा होती. डॉक्टर म्हणजे हृदयाचे सर्जन. उमेदीची सारी वर्षं अमेरिकेत गेली, तरी दर हिवाळ्यात पंधरा दिवस आमच्या जिल्ह्याच्या गावी येऊन ते ऑपरेशनं करायचे. त्यांच्याआधी आमच्याकडे लहान मुलांच्या हृदयाला कुणी हात लावला नव्हता. मी सात वर्षांची असताना माझ्या हृदयातलं भोक त्यांनी बुजवलं. माझी आई शाळेत खिचडी शिजवते, वडील टेम्पो चालवतात. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, आणि आता टेक्सासमध्ये एमएस करते. डॉक्टर यंदा इथल्या विधानसभेला उभे आहेत. मी जवळच शिकते हे कळल्यावर प्रचारातल्या एका काकांनी फोन केला, "पाच मिनिटं बोलशील ना बेटा?"

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझा नमस्कार राहिलाय. माझ्या वतीनं तू पाया पड."

तो राहिला कसा, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं जमवून आम्ही सागरगोटे खेळायचो. माझं ऑपरेशन आधी झालं. मी खाटेवर परत आले आणि पाचव्या दिवशी तिला नेलं. ती परत आली नाही. डॉक्टरांनी कुणाला पाठवलं नाही, स्वतः बाहेर आले आणि तिच्या आईवडिलांशेजारी व्हरांड्यात फरशीवर बसून राहिले. संध्याकाळी ते मला तपासायला आले तेव्हा आई वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "आज नको मावशी. शेजारची माझ्या हातून गेली."

मी वाचले यापेक्षा आई हेच जास्त वेळा सांगते. मीही भाषणात हेच लिहिलं होतं. आठवडाभर खपून लिहिलं, कारण मला सभेत बोलायची सवय नाही.

काकांनी भाषण परत पाठवलं तेव्हा त्यात ती मुलगी नव्हती. वर लिहिलं होतं, 'छान आहे, फक्त पॉझिटिव्ह ठेव.' मला वाटलं, डॉक्टरांना हे माहीत नसणार. धीर करून त्यांनाच फोन लावला.

"भाषण मी वाचलं नाही. पण त्यात गेलेल्या मुलीचं आहे असं कळलं, म्हणून मीच काढायला सांगितलं," ते म्हणाले. "समोरच्या उमेदवाराचे लोक त्याची जाहिरात करतील. मेलेली केस सभेत सांगायची नसते."

केस. मी "बरं सर" म्हणाले. त्या 'बरं'चा राग मला अजून आहे.

सभेत मी कापलेलंच वाचलं. माझा आवाज थरथरत होता. पुढच्या रांगेतल्या काकूंनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, माझं मन भरून आलंय. मग यजमानीणबाई म्हणाल्या, "आता पाया पड हं. थांबा थांबा, फोटो काढू दे." डॉक्टर उठून पुढे आले. त्यांचा उजवा हात आशीर्वादासाठी आधीच वर झाला होता. कॅमेऱ्याच्या बाजूनं ते जरा वळलेही होते.

मी आईसाठी वाकणार होते. खरंच वाकणार होते. पण माझी पाठ वाकेना.

"सर, तुम्ही माझ्या आईला पाया पडू दिलं नव्हतं," मी म्हणाले. माईक अजून हातातच होता.

"कधी?" त्यांनी हसत विचारलं.

"शेजारची मुलगी गेली त्या दिवशी."

ते हसू तसंच राहिलं, हात मात्र खाली आला. काकांनी माझ्याकडून माईक घेतला आणि सामोसे गार होतायत म्हणाले. एक मुलगा म्हणाला, "अवघड आहे यार." डॉक्टर दुसऱ्या टेबलाकडे गेले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही घरात जपलं, त्यानं स्वतःलाच जपलं नव्हतं.

घरी येऊन आईला फोन केला. तिकडे सकाळ होती, ती शाळेत निघाली होती.

"पाया पडलीस का?"

"नाही." मी झालेलं सगळं सांगितलं. डॉक्टर विसरले, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते विसरले असतील. मी कुठे विसरले? नमस्कार माझा होता. तू कोण तो अडवणारी?"

आईचं चुकलं नाही. तिचा नमस्कार फरशीवर बसलेल्या माणसाला होता. तो माणूस मला त्या घरात दिसला नाही, एवढंच मी तिला म्हणाले. तिनं फोन ठेवला.

काल काकांचा मेसेज आला, पुढच्या सभेला येतेस का म्हणून. मी उत्तर लिहिलं. आधी 'सॉरी' असं लिहिलं होतं, ते खोडलं. मग लिहिलं, 'येईन, पण ती मुलगी भाषणात असेल.'

अजून उत्तर आलेलं नाही.