पसंत पडलेली नवरी

निजामाच्या राज्यात नाटक करायचं तर पोलीस ठाण्याची परवानगी लागायची. आम्ही आमच्या ईट गावात वर्षातून एकदा नाटक बसवायचो आणि बाईचं काम माझ्याकडं असायचं. अक्काच्या लग्नात दाजींनी त्यावरून मला भर पंगतीत "नाच्या" म्हटलं होतं. ते मी गिळलं. पण तीन वर्षांनी, मूल होत नाही म्हणून त्यांनी अक्काला अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्या दारात आणून सोडलं, ते काही गिळता येईना.

उन्हाळ्यात कळलं, दाजी जवळच्या वाशी गावात मुलगी बघायला येणार. पहिली बायको पटकीनं मेली असं सांगत फिरत होते. मुलीकडचे आमच्या मामांच्या ओळखीचे. मामांनी खरं काय ते सांगितल्यावर मुलीचा बाप भडकला. "येऊ द्या त्याला," तो म्हणाला. "नवरी तेवढी तुम्ही आणा."

नवरी मी झालो. आमच्या नाटकाचे कपडे शिवणाऱ्या शिंपी चाचांनी चोळी सैल करून दिली. "खांदे झाकून बस, बेटा," एवढंच म्हणाले.

दुपारी ओसरीवर दहा-बारा माणसं जमली. मी नाकापर्यंत पदर ओढून पाटावर बसलो. दाजींनी चालून दाखवायला सांगितलं. चाललो. हात बघायला मागितला. बांगड्यांसकट पुढं केला.

"हात कामाचा दिसतोय," दाजी खूश झाले. "पसंत हाय."

मुलीच्या बापानं सगळ्यांदेखत विचारलं, "पहिलीचं काय झालं म्हणालात?"

"पटकीनं गेली. म्या सोताच्या हातानं अग्नी दिला."

मी पदर मागं टाकला आणि माझ्या आवाजात म्हणालो, "दाजी, अक्का घरी भाकरी थापतीय. अग्नी कुणाला दिला?"

ओसरीभर हशा उसळला. दाजी जोडे न घालताच निघून गेले. पुढं त्या भागात त्यांना कुणी मुलगी दाखवली नाही. कुठं गेलेच तर लोक म्हणायचे, "आधी नवरीचा पदर काढून बघा."

घरी येऊन मी अक्काला सगळं करून दाखवलं. ती हसली नाही.

"तितं मला बसवायचं हुतं," ती म्हणाली. "त्यो पदर मला काढायचा हुता."

मला ते सुचलंच नव्हतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. तरी दाजींचा तो चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.