इंदूच्या नावाचं तिकीट

नागपूरहून निघताना मुलाने बजावलं होतं, "आई, आधार पर्समध्ये, पासपोर्ट पोटाशी." मी दोन्ही पोटाशीच ठेवले. वयाच्या सत्तराव्या वर्षी एकटीने परदेशी जायचं म्हणजे गंमत नाही, आणि मी तर फिरायलाही चालले नव्हते. दादाला आणायला चालले होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जहाजावर इंजिनिअर होता, पुढे सिंगापुरातच स्थिरावला, तिथला नागरिक झाला. वहिनी गेल्यापासून नागपूरला फिरकलाच नाही. फोनवर म्हणाला, "तू न्यायला ये, मग येतो. तुझ्या हातचा गोळाभात खायचाय." एवढं बोलल्यावर बहीण घरात बसेल कशी?

चांगी विमानतळावर तो काठी टेकत उभा होता. लांबूनच ओरडला, "इंदू!" मी लग्नानंतरची वसुधा. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता जगात हे एकच माणूस उरलंय. भर विमानतळावर माझे डोळे भरून आले आणि चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

दादाचं घर हौगांगला, नवव्या मजल्यावर. इमारतीखाली मोठी मोकळी जागा असते (तिला व्हॉइड डेक म्हणतात). तिथे संध्याकाळी म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळतात आणि दादा मधे मधे नको ते सल्ले देतो. सकाळी आम्ही हॉकर सेंटरला (एका छपराखालची खाण्याची दुकानं) काया टोस्ट खायला जायचो. काया म्हणजे नारळाच्या दुधाचा गोड मुरंबा. पहिल्या दिवशी मी तो चटणी समजून हिरवी मिरची मागितली. कोपी (इथली दाट, गोड कॉफी) देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दादाला विचारलं, "अंकल, युअर सिस्टर आह? सेम फेस!"

दादा दिवसभर खूश होता. मला वाटलं, चला, कुणीतरी कागद न बघता ओळखलं.

लिटिल इंडियात जाऊन त्याने नागपूरकरांसाठी दोन बॅगा भरतील एवढे केक आणि बिस्किटं घेतली. "तिथे सगळं मिळतं रे," मी म्हणाले. "मिळू दे. रिकाम्या हाताने कोण जातं घरी?" तो म्हणाला. घरी. पस्तीसेक वर्षं सिंगापुरात काढून हा माणूस अजून नागपूरलाच घर म्हणत होता.

मिठाचा खडा पडला तो निघायच्या आदल्या दिवशी. सिंगापूर ते मुंबई तिकिटं भाचेसून पल्लवीने पासपोर्ट बघून काढली होती. मुंबई ते नागपूर मात्र दादाने हट्टाने स्वतः काढली होती. "आपल्या गावचं तिकीट मीच काढणार." पल्लवी फोनवर ती तपासत होती आणि एकदम थांबली.

"बाबा, हे इंदू वझलवार कोण?"

"कोण म्हणजे? तुझी आत्या!"

"अहो, पण आत्यांच्या आधारवर वसुधा देशकर आहे. तिकिटावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर दारातच अडवतील."

दादाने माझ्याकडे वळून विचारलं, "त्या नावाचं एकही कार्ड नाही तुझ्याकडे?"

"शाळा सोडल्याचा दाखला आहे. ट्रंकेत. त्यावर विमानात घेत नाहीत."

आम्ही हसलो, पण दादा लगेच गंभीर झाला. माझ्या लग्नात कानपिळीच्या वेळी त्याने नवरदेवाचा कान चांगला लाल होईपर्यंत पिळला होता. काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "हिचं नाव बदलू नका." सगळा मांडव हसला. त्याच्या हातावर पॅन्टपीस ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सासरी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वसुधा' लिहिलं गेलं.

"तो पॅन्टपीस मी कधी शिवलाच नाही," दादा म्हणाला.

पल्लवीने माझं तिकीट रद्द करून नवं काढलं. मग सहज विचारलं, "बाबा, डोमेस्टिकलाही तुम्ही तुमचा सिंगापूरचाच पासपोर्ट दाखवाल ना?"

"मुंबईहून नागपूरला जायला पासपोर्ट? मी काय परदेशी आहे?"

पल्लवीने त्याचा पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याची आठ वर्षांची नात रिया मधेच म्हणाली, "आजोबा, डोमेस्टिक मीन्स व्हॉट? सिंगापूर डोन्ट हॅव, लाह." खरंच, या एवढ्याशा देशात आतल्या आत विमान जाणार कुठे?

दादाने भरलेली बॅग उघडली आणि बिस्किटांचे पुडे बाहेर काढायला लागला. "तू जा, इंदू. आपल्याच गावी परका म्हणून नाही यायचं मला."

मला राग आला, रडूही आलं. पुडे पुन्हा बॅगेत कोंबत मी म्हणाले, "दादा, मी पन्नास वर्षं दुसऱ्याच नावाने फिरतेय. तू दोन तास दुसऱ्या देशाच्या नावाने फीर. माझ्या दारात कुणी कार्ड मागणार नाही."

तो आला.

मुंबईला देशांतर्गत विमानतळाच्या दाराशी जवानाने त्याचा पासपोर्ट पाहिला, माझं आधार पाहिलं. आडनावं वेगळी, देशही वेगळे. "साथ में हैं? कौन लगती हैं आपकी?"

"बहीण," दादा सरळ मराठीत म्हणाला. "इंदू."

"इसमें तो वसुधा लिखा है."

"वो भी मैं ही हूँ, भैया," मी म्हणाले. त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि आत सोडलं.

नागपूरला दादा महिनाभर राहिला. गोळाभात इतक्यांदा झाला की शेवटी घरचे कंटाळले, तो नाही. मग परतीचा दिवस आला. विमानतळाच्या दारात जवानाने मला थांबवलं. या खेपेला माझ्याकडे ओळखपत्र होतं, तिकीट नव्हतं. दादा एकटाच आत गेला. निळी बॅग, काठी, हातात लाल पासपोर्ट. पुन्हा येईल का, हे मी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

आत गेल्यावर तो वळला आणि कुणाची पर्वा न करता ओरडला, "इंदू! जा आता घरी!"

दाराबाहेर बरीच माणसं उभी होती. त्या नावाला त्यांतलं कुणीच हललं नाही. मी हात वर केला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत खाली घेतला नाही.